घरात गौरी-गणपती, अंथरुणात ताप, मांडीवर तान्हं

भाद्रपद हा महाराष्ट्रात तापाचाही महिना आहे. पाऊस उतरणीला लागलेला असतो, कुंड्यांच्या ताटल्यांत आणि गच्चीवरच्या भंगारात पाणी साचून डास वाढलेले असतात. डेंग्यू, फ्लू आणि उलट्या-जुलाब याच दिवसांत डोकं वर काढतात. याच दिवसांत चतुर्थीला गणपती बसतो, मागोमाग अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. शनिवार-रविवार जोडून आला की मुंबईचे, पुण्याचे, नाशिकचे सगळे एका छपराखाली जमतात. अशा घरात पाच-सात महिन्यांचं बाळ असलं आणि सासऱ्यांना किंवा खुद्द बाळाच्या आईला ताप भरला, तर ते दिवस कसे काढायचे याचा विचार बहुतेक घरं ताप आल्यावर करतात. तो आधी करता येतो. ताप अचानक आलाच, तरी पहिल्या संध्याकाळी पुढचं बरंचसं सावरता येतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. आजारपण आलं की सण तेवढा लहान करावा, आणि घरातला एक माणूस पूजा-स्वयंपाकातून पूर्ण मोकळा करून बाळ व आजारी माणूस यांच्यासाठी ठेवावा. खाली जे काही सांगितलं आहे ते यातूनच आलं आहे.

पहिल्या संध्याकाळी: दोन कारभारी

ताप कळला त्याच संध्याकाळी घरातल्या मोठ्या माणसांनी दहा मिनिटं एकत्र बसावं आणि दोन नावं ठरवावीत. एक सणाचा कारभारी: सामान, गुरुजी, स्वयंपाक, पाहुणे त्याच्याकडे. दुसरा आजारपणाचा: औषधांच्या वेळा, ताप मोजून लिहिणं, डॉक्टरांशी बोलणं, आणि दवाखान्यात न्यायचं का हा निर्णय त्याचा. त्याने ‘निघायचं’ म्हटलं की ‘आरती होऊ दे, मग बघू’ असं कुणीही म्हणायचं नाही, हे त्याच बैठकीत आजोबांपासून सगळ्यांकडून कबूल करून घ्या. ऐन वेळी वाद घालायला वेळ नसतो.

बहुतेक घरांत ही दोन्ही कामं न बोलता एकाच बाईवर येऊन पडतात, आणि ती असते बाळाची आई. रात्री तीनदा उठायचं, सकाळी पुरण शिजवायला उभं राहायचं, दुपारी साडी नेसून हळदीकुंकवाला बसायचं आणि अधूनमधून सासूबाईंचा ताप मोजायचा. हे मला फार चुकीचं वाटतं. बाळाची आई यातल्या कुठल्याही कामाची कारभारी नसावी. अंगावर पाजणाऱ्या बाईने त्या दिवसांत बाळाला पाजावं, वेळेवर जेवावं आणि बाळ झोपलं की झोपावं. आजारपण सांभाळायला बाळाचा बाबा, आत्या, मामा, थोरले दीर कुणीही चालेल. थर्मामीटर वाचता यावा आणि रात्री हाकेला जाग यावी, एवढं पुरे.

त्याच्या हातात एक वही द्या. वेळ, ताप किती, कुठलं औषध, किती मिली, आणि बाळ असेल तर शू किती वेळा झाली. माणसांनी भरलेल्या घरात बाबा एकदा पॅरासिटामॉल पाजतो, तासाभराने मावशी पुन्हा पाजते, आणि दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नसतं. वही असली की हे होत नाही. औषधाच्या बाटल्याही एकाच डब्यात, एकाच फळीवर, बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

रात्रीही वाटून घ्या. नऊ ते दोन एक जण, दोन ते सात दुसरा. दुसऱ्या पाळीतल्या माणसाला सकाळच्या आरतीला उठवायचं नाही. अर्धवट झोपेत बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर कलंडणं तान्ह्यासाठी धोक्याचं आहे. डोळा लागायला लागला की बाळाला त्याच्या सपाट, कडक बिछान्यावर उताणं ठेवा.

लपवलेला ताप

सणाच्या घरात मला सगळ्यात भीती वाटते ती ज्येष्ठांच्या तापाची, कारण तो सांगितला जात नाही. ‘सणासुदीला कशाला कुरकुर’ म्हणून आजी गुपचूप एक गोळी घेते, पदराने घाम टिपते आणि नातवाला मांडीवर घेऊन बसते. गोळीने ताप उतरलेला दिसतो. संसर्ग तिथेच असतो. म्हणून विचारत बसू नका. चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबर साठीपुढच्या सगळ्यांचा ताप थर्मामीटरनेच बघा. चार दिवस केलं की कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरतालिका असते. पुष्कळ घरांत हा उपवास निर्जळी करतात. अंगावर पाजणाऱ्या आईने तो निर्जळी करू नये. दूध, ताक, फळं, राजगिरा, भरपूर पाणी घ्यावं, आणि हे तिला सासूबाईंनी स्वतः सांगावं, म्हणजे तिला विचारावं लागत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. आणि अशा माणसाला ताप किंवा उलट्या सुरू होऊन जेवण थांबलं, तर नेहमीची मात्रा तशीच चालू ठेवण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, बडबडणं दिसलं की माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठा.

दोन खोल्या, दोन मच्छरदाण्या

आजारी माणसाला घरातली वाऱ्याची खोली द्या, भले ती पाहुण्यांसाठी आवरलेली असो. त्याचं ताट, पेला, टॉवेल वेगळा. सर्दी-खोकला असेल तर खोलीत जाणाऱ्याने आणि आजारी माणसानेही मास्क लावावा. बाळ त्या खोलीत जाणार नाही आणि त्या खोलीतली उशी-पांघरूण बाळाकडे येणार नाही. एकच खोली असेल तर बाळाला खिडकीच्या बाजूला आणि आजारी माणसाला दुसऱ्या टोकाला ठेवा, दिवसभर खिडकी उघडी ठेवा आणि हात धुण्याबाबत कडक राहा.

मच्छरदाणी दोघांनाही, आणि दिवसासुद्धा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो. तापाच्या पहिल्या काही दिवसांत रुग्णाला चावलेला डास पुढे आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यांना आजार देऊ शकतो, म्हणून रुग्णाला मच्छरदाणीत ठेवणं हे बाळाचंच रक्षण आहे. आता आरास बघा. मखराजवळची फुलांची फुलदाणी, दूर्वा ठेवलेला पाण्याचा वाडगा, सजावटीच्या कुंड्यांखालच्या ताटल्या: हा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. फुलदाणीचं पाणी रोज बदला, ताटल्या काढून टाका, पिंपांना फडकं बांधा.

डेंग्यूविषयी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असावी. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो, आणि काही रुग्णांत खरा धोका त्याच वेळी सुरू होतो. ताप गेला म्हणून माणूस उठून आरतीला उभा राहतो, घरचे निर्धास्त होतात. ताप उतरल्यावरचे दोन दिवस पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हात-पाय गार पडणं, कमालीची मरगळ किंवा बेचैनी यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय. आणि कारण कळेपर्यंत तापावर फक्त पॅरासिटामॉल द्या. अंगदुखीसाठी घरात पडून असलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिनची गोळी देऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांनी आधीपासून हृदयासाठी अॅस्पिरिन चालू ठेवली असेल तर ती स्वतःहून बंदही करू नका, त्यांना फोन करून विचारा.

आईलाच ताप आला तर

पहिली गोष्ट घडते ती चुकीची: बाळ आईपासून तोडतात आणि पावडरच्या दुधाचा डबा विकत आणतात. साध्या तापात, फ्लूत, डेंग्यूतही अंगावर पाजणं चालू ठेवायचं असतं. आई आजारी पडते तेव्हा तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं दुधातून बाळाला मिळतात. मास्क लावून, हात साबणाने धुऊन पाजावं आणि पाजून झालं की बाळाला दुसऱ्याने घ्यावं. पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालतं. दुसरं कुठलंही औषध घेताना ‘मी बाळाला पाजते’ हे वाक्य डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानातही म्हणा.

बसण्याचीही ताकद नसेल तर आडवं पडून पाजता येतं, फक्त शेजारी जागं माणूस हवं. दूध काढून ठेवायचं असेल तर स्वच्छ झाकणाच्या वाटीत ठेवा. खोलीच्या साधारण तापमानाला ते चार तास टिकतं, उकाड्यात त्याहून कमी धरा; फ्रिजमध्ये मागच्या बाजूला चार दिवसांपर्यंत. पाजताना वाटी-चमचा वापरा. बाटली सणाच्या गर्दीत नीट उकळली जात नाही, आणि जुलाबांची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते.

एक स्तन लाल, गरम, दगडासारखा कडक होऊन थंडी वाजून ताप आला असेल तर तो दुधाच्या गाठीचा ताप असू शकतो. अशा वेळी पाजणं थांबवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बाळालाच ताप आला

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर घरी काहीही करत बसू नका. औषध नको, काढा नको, दृष्ट काढून वाट बघणं नको. दिवस असो की मध्यरात्र, बालरोगतज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा. इतकं लहान बाळ उलट गार पडत असेल, दूध ओढत नसेल, हाक मारूनही नीट जागं होत नसेल, तर ताप नसला तरी धावपळ तेवढीच करायची.

तीन महिन्यांपुढच्या बाळात आकड्यापेक्षा बाळाकडे बघा. ताप थोडा उतरल्यावर ते हसतंय, दूध घेतंय, खुळखुळ्याकडे वळतंय का? तसं असेल तर सकाळपर्यंत घरी सांभाळता येतं. कपडे सैल आणि सुती घाला. ओल्या फडक्याने अंग पुसायचं असेल तर पाणी कोमट घ्या; बर्फ आणि कोलनवॉटर नको.

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. इथे घात होतो तो बाटल्यांमुळे. आपल्याकडे थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तर सिरपच्या ५ मिलीत कधी १२०, कधी १२५, कधी २५० मिलिग्रॅम. ८ किलोच्या बाळाला १०० मिलिग्रॅम द्यायचं तर २५०च्या सिरपमधून २ मिली लागेल, पण थेंबांमधून फक्त १ मिली. दोन्ही बाटल्या घरात असल्या आणि अंधारात थेंबांमधून २ मिली गेलं तर औषध दुप्पट झालं. घरात एकच प्रकारची बाटली ठेवा आणि झाकणावर चिकटपट्टी लावून डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा मिलीत लिहा.

खोकल्याचं सिरप दोन वर्षांच्या आत देऊ नका, मग ते थोरल्या मुलासाठी डॉक्टरांनीच लिहून दिलेलं का असेना. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी औषधाने लहान मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं सगळ्या राज्यांना कळवलं. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब पुरतात. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं.

श्वास मोजायला शिकून ठेवा. बाळ शांत असताना झबलं वर करून पोट किती वेळा वर येतं ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले तर ती धाप आहे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसायचीही गरज नाही, निघा.

आणि आकडी. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना ताप चढताना ती येते, आणि भरल्या घरात त्या क्षणी दहा जण दहा उपाय सांगतात. कांदा नाकाशी धरू नका, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. बाळाला कुशीवर झोपवा, आजूबाजूचं टणक सामान दूर करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने रुग्णवाहिका बोलवा. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच.

उलट्या आणि जुलाब

ज्याला जुलाब-उलट्या होत आहेत त्याने स्वयंपाकघरात जाऊ नये. थांबल्यानंतरही दोन दिवस नैवेद्याला हात लावू नये. मग तो हात कितीही सुगरणीचा असो. हात साबण-पाण्यानेच धुवा, कारण उलट्यांच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही. बाळाचं लंगोट बदलणारे हात मोदकाच्या उकडीत जाऊ नयेत, एवढी कामाची वाटणी तरी नक्की करा.

बाळाला जुलाब झाले तर अंगावरचं दूध आधीपेक्षा जास्त वेळा द्या. सहा महिन्यांपुढच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप ओआरएस चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी हळू. सहा महिन्यांच्या आत ओआरएस डॉक्टरांना विचारून. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर मोजून एक लिटरच पाणी घ्या, लहान पाकीट २०० मिलीचं असतं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासभर पाण्यात घालू नका. बनवलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्या. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे; २०२५मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला बंदी घातली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचा. सोबत झिंक चौदा दिवस: सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, पुढे २०.

बाळाने सहा-आठ तासांत शू केली नाही, टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, रडताना डोळ्यांत पाणी येईना, शौचात रक्त दिसलं, तर चमचा बाजूला ठेवा आणि निघा.

बाळाच्या तोंडात काय जाऊ नये

पंचामृतात मध असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नये. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो. तीर्थाचा थेंबही नको. आजींना हे पटवताना वाद घालू नका. तीर्थ बाळाच्या कपाळाला लावा आणि आईने प्यावं.

कापूर फार जपून हाताळा. तो बाळाने तोंडात घातला तर काही मिनिटांत आकडी येऊ शकते. आरतीचं तबक खाली जमिनीवर राहतं आणि रांगतं बाळ तिथेच पोचतं. सर्दीसाठी छातीला कापूर चोळणं, कापडात बांधून उशाशी ठेवणं हेही बाळाबाबत टाळा. उदबत्ती-धुपाच्या धुरात बाळ नको. आरतीला दुसऱ्या खोलीच्या दारातून दाखवलं तरी त्याला घंटा ऐकू येते.

कुलाचार किती कमी करता येतो

इथे घराघरात माणसं अडतात, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्या परंपरेतच कमी करण्याच्या वाटा आहेत. दहा दिवसांचा गणपती दीड किंवा पाच दिवसांचा करता येतो. घरच्या गुरुजींना विचारा, तेही बहुधा हेच सांगतील. प्राणप्रतिष्ठा, दोन वेळची साधी आरती, दूध-साखरेचा किंवा गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य आणि उत्तरपूजा, एवढ्यात पूजा पुरी होते. भावकीतल्या किंवा शेजारच्या कुणी येऊन पूजा केली तरी चालतं.

गौरींचं काम जास्त, कारण त्यात साड्या, दागिने, मुखवटे, फराळ आणि सोळा भाज्या येतात. पुष्कळ कोकणस्थ घरांत पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या गौरी असतात, काही ठिकाणी तेरड्याच्या. तुमच्याकडे उभ्या मुखवट्यांच्या गौरी असतील तर यंदा त्या बसत्या, लहान ठेवता येतील का, हे घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला विचारा आणि तिचं ‘हो’ सगळ्यांना तिच्याच तोंडून कळू द्या. मग नंतर सुनेला कुणी बोल लावत नाही. सोळा भाज्या थोड्या थोड्या घेऊन एकच भाजी करा. पुरण नैवेद्याच्या चार-पाच पोळ्यांपुरतं घरी शिजवा, बाकीच्या पोळ्या बाहेरून मागवा. ज्याला ताप आहे त्याला वरण-भात, मुगाची खिचडी, ताक. पुरणपोळीचा आग्रह नको.

पाहुण्यांना काय कळवायचं

निरोप स्पष्ट लिहा. गोलमाल लिहिलं की माणसं ‘पाच मिनिटं येऊन जातो’ म्हणत येतातच. असा मजकूर चालेल: ‘आमच्याकडे गौरी-गणपती नेहमीप्रमाणे बसले आहेत. घरात ताप आहे आणि बाळ लहान आहे, म्हणून या वर्षी दर्शनाला येऊ नका. संध्याकाळची आरती साडेसातला व्हिडिओ कॉलवर असेल. हळदीकुंकू नवरात्रात करू, तेव्हा सगळ्यांनी नक्की या.’ हा निरोप सणाच्या कारभाऱ्याने पाठवावा. बाळाच्या आईच्या नावाने तो गेला की नको ती चर्चा सुरू होते.

तरी कुणी आलंच तर बाळ दिवाणखान्यात आणू नका. ‘झोपलंय’ म्हणा किंवा आजींना ‘दृष्ट लागते’ म्हणू द्या. ते कारण सगळ्या पिढ्यांना पटतं. बाळाचे पापे कुणी घेऊ नयेत. नाक गळणाऱ्या भाचरांना बाळापासून लांब ठेवण्यासाठी त्यांना दारात उभं करून प्रसाद वाटायचं काम द्या, ती आनंदाने करतात.

दवाखान्याची वाट

चतुर्थीच्या आदल्या दिवशीच तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या की सुट्टीत ते आहेत का, नसतील तर कुणाकडे जायचं, आणि रात्री दाखल करून घेणारं जवळचं रुग्णालय कुठलं. १०८ ही राज्यातली मोफत रुग्णवाहिकेची सेवा. नंबर फ्रिजवर लावा, घरचा पत्ता आणि जवळची खूण त्याखाली लिहा, कारण घाबरलेल्या पाहुण्याला तुमचा पत्ता सांगता येत नाही.

विसर्जनाच्या दिवशी शहर वेगळंच असतं. पुण्यात अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक रस्त्यावरून मिरवणुका चालतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपत नाहीत. पेठेत राहणाऱ्यांनी असं रुग्णालय हेरावं, जिथे जाताना मिरवणुकीचा रस्ता ओलांडावा लागत नाही. मुंबईत केईएम आणि वाडिया ही परळची मोठी रुग्णालयं लालबागच्या गर्दीजवळ आहेत. लांबून येणाऱ्यांनी त्या दिवसापुरतं घराजवळचं महापालिकेचं रुग्णालय लक्षात ठेवावं. गाडी सोसायटीच्या आत अडकू नये म्हणून दुपारीच बाहेर लावा. बाळाला ढोल-ताशा दाखवायला नेऊ नका, कानात कापूस घालूनही नाही. तो आवाज त्याच्या कानांना सोसत नाही.

एक पिशवी भरून दाराशी ठेवा: बाळाच्या आणि आजारी माणसाच्या फायली, लसीचं कार्ड, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि आयुष्मान किंवा विम्याचं कार्ड, चालू औषधांची यादी, ती ताप लिहिलेली वही, लंगोट, दोन दुपटी, वाटी-चमचा, आईसाठी पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी, चार्जर, थोडी रोख रक्कम.

गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी बाळाला किंवा बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाला ताप असेल तर तिकीट सोडून द्यावं. मुंबई-गोवा महामार्गावर त्या दिवसांत तासन् तास गाड्या अडकतात आणि तापलेलं तान्हं मांडीवर घेऊन तिथे काहीच करता येत नाही. बाकीच्यांनी पुढे जावं, एकाने मागे राहावं. आधीच पोचला असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर कधी असतात आणि उपजिल्हा रुग्णालय किती लांब आहे, हे पोचल्या दिवशीच भावकीला विचारून ठेवा. शेतात, चिखलात फिरून आलेल्या मोठ्या माणसाला ताप, पोटऱ्या खूप दुखणं आणि लाल डोळे अशी तक्रार असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका घेऊन त्याच दिवशी दाखवा. कोकणात हा आजार पावसाळ्यात असतो आणि वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो.

गौरी गेल्यावर

मखर उतरवायची घाई करू नका. आजारपणाच्या कारभाऱ्याची पाळी आणखी एक आठवडा चालू ठेवा, कारण फ्लूची लागण दोन-चार दिवसांत दिसते, पण डेंग्यूचा ताप डास चावल्यावर चार ते दहा दिवसांनी येतो. बाळाचा ताप रोज संध्याकाळी एकदा बघा. बाळाची आई या आठवड्यात सलग पाच-सहा तास झोपेल अशी किमान एक रात्र काढून द्या. लस या गडबडीत राहून गेली असेल तर डॉक्टरांना फोन करून नवी तारीख घ्या. साधी सर्दी किंवा हलका ताप हे लस पुढे ढकलायचं कारण सहसा नसतं. बाळ सहा महिन्यांपुढचं असेल तर त्याच भेटीत फ्लूच्या लसीबद्दल विचारा, आणि आजी-आजोबांनाही बरोबर न्या, त्यांनाही ती घेता येते. उघडलेली अँटिबायोटिकची बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. पाण्यात कालवलेलं ते सिरप थोड्या दिवसांत निकामी होतं, आणि पुढच्या तापाचं कारण वेगळं असू शकतं.